चार तारा, बावीस पोट्टे

२८ जुलै
आज पुन्हा ताट वाजवून पोरं गोळा करायला गेले. स्टीलचं ताट, स्टीलचा चमचा. बावीसच्या बावीस पोट्टे आपापलं ताट घेऊन रांगेत उभे! खिचडीला अजून दीड तास होता. ताट वाजलं की खिचडी, हे मीच एकोणीस वर्षं शिकवलंय. आता कोणाला बोलू? आणि बोलू तरी कशाने.
मागच्या आठवड्यात शेजारच्या शाळेची घंटा मागून आणली होती. घंटा ऐकली की पोरं दप्तर उचलून घरी. शिट्टी फुंकायला हवा ठरत नाही, गळ्यातूनच निसटते. शेवंताबाईंनी (आमच्या अंगणवाडीच्या मदतनीस) फुंकली तर दोन लहान पोरी रडायला लागल्या.
ही वही ऑपरेशननंतर बोलण्यासाठी केली होती. पहिल्या पानांवर ‘पाणी द्या’, ‘पंखा बंद करा’ असलंच आहे. आता कोणाला वाचायला वेळ नाही. आजपासून माझ्यासाठीच लिहिते.

३० जुलै
एकदा सरळ लिहून टाकते. मे महिन्यात नागपूरला गळ्याची गाठ काढली. गाठ साधी निघाली. आवाजाची एक नस दुखावली. असं होऊ शकतं हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, मी सही केली होती. नस सहा महिन्यांत उठते, वर्षात उठते, नाहीतर नाही उठत. डिसेंबरात दाखवायचं. तोवर ही कुजबुज.
प.मॅ. (पर्यवेक्षिका मॅडम) वाईट नाहीत. परवा म्हणाल्या, “डिसेंबरपर्यंत मी काही लिहीत नाही. पण पोरांना शिकवणं दिसलं पाहिजे हो. नाहीतर मग वैद्यकीय कारण दाखवून...” 
मला ही खोली सोडायची नाही. पत्रा गळतो, खिडकीला गज नाहीत, तरी सोडायची नाही. एवढंच आहे.

१ ऑगस्ट
लेकीच्या, तन्वीच्या खोलीत खुंटीला लटकलेलं युकुलेले (चार तारांची छोटी गिटार) काढलं. कॉलेजात असताना तिने हट्टाने घेतलं, दोन महिने वाजवलं, मग नोकरी, मग पुणे. वर बोटभर धूळ. तिला व्हॉट्सॲपवर विचारलं, हे पोरांपुढे वाजवलं तर? उत्तर आलं, “आई, तू???” तीन प्रश्नचिन्हं. मग लगेच फोन. मी बोलते, तिला ऐकू येत नाही, ती हॅलो हॅलो करते, मी फोन कापते. हे आता नेहमीचंच.
फोनमध्ये सूर लावायचं ॲप घातलं. जी, सी, ई, ए. काटा हिरवा झाला की तार बरोबर. पहिला आवाज असा आला, जशी रिकाम्या डब्यात माशी.
हे जेवताना म्हणाले, “झालं तुझं तुणतुणं सुरू.” पण थांब म्हणाले नाहीत.

४ ऑगस्ट
चारही तारा एकत्र वाजवायच्या, त्याला कॉर्ड म्हणतात. सी कॉर्डला एकच बोट लागतं. एफ ला दोन. आमच्या बगळ्याच्या गाण्याला एवढंच पुरतं, तन्वी म्हणाली. बगळ्याचं गाणं माझंच, पहिल्याच वर्षी केलेलं (बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं):
बोडीत बगळा उभा उभा,
मासा म्हणतो नको बाबा!
दरवर्षी पोरं ‘नको बाबा’ला अशी ओरडायची की शाळेचे गुरुजी खिडकी लावून घ्यायचे.
आज अंगणवाडीत नेलं. बाहेर पाऊस, वर पत्रा. दहा मिनिटं वाजवत होते. शेवंताबाई चुलीजवळून आल्या, कान वाकडा केला. “मॅडम, वाजून राहिलं का ते?”

९ ऑगस्ट
बोटांची टोकं सोलली. ई तार दाबली की फक्त ‘टक’ होतं. तन्वीने व्हिडिओ मागितला, पाठवला. उत्तर: “बोट पट्टीच्या मधोमध नको, पुढच्या दांडीला लागून दाब. आणि आई, तू त्याला लेकरासारखं पोटाशी धरतेस. मागची पाठ दबली की आवाज मरतो. लांब धर.”
एकोणीस वर्षं जे हातात आलं ते पोटाशीच धरलं. रडणारं, शेंबडं, तापलेलं. आता लांब धर म्हणे. लांब धरलं तर निसटतं. शेवंताबाईंनी जुन्या लुगड्याचा काठ फाडून पट्टा करून दिला. गळ्यात अडकवला. काठ लाल आहे, शोभतो.
आवाज थोडा वाढला, खरंच. पहिल्या रांगेपर्यंत जातो.

१६ ऑगस्ट
तन्वी म्हणते उजव्या हाताचं नख थोडं वाढव, नखाने आवाज खणखणीत येतो. भिंतीवर तक्ता माझ्याच अक्षरातला: ‘नखे कापा, रोग टाळा.’ दर सोमवारी सगळ्यांची नखं मीच बघते. आज रिद्धीने (साडेतीन वर्षांची, जूनमध्ये आली, डोळे इकडून तिकडे फिरणारे) माझं बोट धरलं, तक्त्यापाशी नेलं आणि बोट तक्त्यावर ठेवलं.   पदरात हात लपवला.

२३ ऑगस्ट
तान्हा पोळा. चौकात पोरं लाकडाचे नंदीबैल ओढत आली. दरवर्षी अंगणवाडीची रांग मी पुढे चालवते, ओरडत, नाव घेत. आज गळ्यात युकुलेले. मंडपाचा माइकवाला भला माणूस, त्याने माइक तारांपाशी धरला. कर्णा असा किंचाळला की एक खरा बैल बिचकला. सगळे हसले. मीही हसले, माझं हसणंही आता नुसतं वारंच.
नख सकाळीच गेलं होतं, वजनकाट्याच्या आकड्यात अडकून.
परत येताना मागून ऐकू आलं. कोण होती ते लिहीत नाही. “बाईले बोलताच येत नाही तं लेकरं कायले पाठवाचे?” मी वळले नाही. मी बोलत नाही म्हणून लोकांना वाटतं मला ऐकूही येत नाही. एरवी तर समोर येऊन ओरडून बोलतात, “कशा आहा मॅडम?” जशी मी बहिरी.

१ सप्टेंबर
दोन पोरं कमी झाली. आंधळगावच्या नर्सरीत टाकली, व्हॅन येते न्यायला. वीस.

११ सप्टेंबर
आज एक गंमत. वाजवताना दमून कपाटाला टेकले. युकुलेलेचं डोकं लोखंडी कपाटाला लागलं आणि आवाज एकदम मोठा! कपाटच वाजायला लागलं. पुन्हा केलं, पुन्हा मोठा. पोरं धावत आली, कपाटाला कान लावून उभी. वीस कान. रिद्धी सगळ्यात खाली, तळाच्या कप्प्यापाशी.
एवढा आनंद मला मे महिन्यानंतर झाला नव्हता. घरी येऊन यांना लिहून दाखवलं. म्हणाले, “मंग कपाट पाठीवर घेऊन फिरतं का आता?”

१२ सप्टेंबर
कपाटाला टेकून वाजवलं की पोरं पाठीमागे येतात, मला तोंड दिसत नाही कोणाचं. शिवाय आतले रजिस्टर आणि औषधाच्या बाटल्या थडथडतात. गाणं कमी, भांडी जास्त. सोडून दिलं.

१ ऑक्टोबर
खंडेनवमी. शेवंताबाईंनी सगळं मांडलं: वजनकाटा, उंची मोजायची पट्टी, खिचडीचा झारा, विळी. आणि मधोमध पाटावर युकुलेले. हळद, कुंकू, झेंडूचं फूल, अक्षता. मला बरंच वाटलं. कोणीतरी त्याला कामाच्या वस्तूत धरलं.

३ ऑक्टोबर
काहीतरी बिघडलं. सी वाजवला की आतून ‘खर्र’. जोरात वाजवलं की जास्त खर्र. ई तार तर मेलीच, बद्द. तन्वी म्हणते आतली लाकडी पट्टी सुटली असेल, दिवाळीला आले की बघू.
दिवाळीला अजून अठरा दिवस. दोन महिन्यांत पहिल्या रांगेपर्यंत आणलेला आवाज.

६ ऑक्टोबर
पट्टी सुटली नव्हती. आज चिडून उलटं केलं, हलवलं, तर भोकातून तांदूळ पडले. हळदीचे. सात-आठ दाणे, वर एक वाळकी पाकळी. अक्षता नीट भोकातच टाकल्या होत्या, देवाच्या मुखात घालाव्या तशा. ई तारेवर कुंकवाचा थर बसलेला.
मला इतका राग आला की डोळ्यापुढे अंधारी आली. शेवंताबाई समोरच होत्या. मी तोंड उघडलं आणि... वारं. जेवढा राग मोठा तेवढं वारं जास्त, आवाज तेवढाच. शेवंताबाई बघत राहिल्या, त्यांना वाटलं मला ठसका लागला. पाणी आणून दिलं. ते पाणी मी प्याले. दुसरं काय करणार होते?
नंतर दाणे बघून त्यांना कळलं. “मी तं चांगल्यासाठी केलं जी. वाजंत्र्याच्या पोटात धान्य असलं तं ते उपाशी राहत नाही, असं माही सासू म्हणे.” सासू त्यांची ढोलकीवाल्याच्या घरची. ढोलकीला पीठ लावतात, तेच डोक्यात असेल.
आज कळलं, मला ओरडताही येत नाही. पाच महिन्यांत पहिल्यांदाच ओरडायची गरज पडली.

२२ ऑक्टोबर
तन्वी आली. नव्या तारा आणल्या. नव्या तारा दोन दिवस ताणत राहतात, दर पाच मिनिटांनी उतरतात, म्हणून सारखी खुंट्यांचे कान पिळत बसले.
तिने माझा हात बघितला. “भोकावर नाही आई. मान जिथे धडाला लागते तिथे वाजव. आणि खांद्यातून नाही, मनगटातून. सडा टाकताना तू बोटं कशी झटकतेस? तसं.”
सडा मला येतो. झटकलं. आणि आला! गोल, भरलेला, ओला आवाज. आतल्या खोलीतून हे म्हणाले, “आता आयकू आलं बाप्पा.” मी पुन्हा झटकलं, पुन्हा. तन्वी हसत होती, मग हसता हसता स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ आली नाही. तिला वाटतं मला कळलं नाही.

३ नोव्हेंबर
अंगणवाडीत नवा आवाज. शेवटच्या रांगेपर्यंत! पोरं एका झटक्यात रांगा मोडून गोल बसली. ना ताट, ना घंटा. शेवंताबाई झारा घेऊनच दारात येऊन उभ्या. मी वाजवते, ओठ हलवते, कुजबुजत शब्द सांगते, पोरांचे ओठ हलतात. आपल्याला जमतंय. प.मॅ. ना कधीही येऊ दे.

१४ नोव्हेंबर
रिद्धीची आई पोरीला घ्यायला आली, दारात रेंगाळली. भांडायला नाही, काळजीने.
“मॅडम, पोरगी घरी गाणं म्हणते ना, पण अशी कुजबुज करते. आंगात जीव नसल्यावानी. मी म्हटलं, जोरात म्हण व. तं म्हणते, गाणं असंच रायते.”
मी हसले. ती गेली. मग मी खाली बसले.
यंदा जूनमध्ये आलेली नऊ पोरं आहेत. त्यांनी माझा आवाज ऐकलेलाच नाही.

१५ नोव्हेंबर
मुद्दाम बघितलं. वाजवून सुरू करून दिलं, मग तारांवर हात ठेवून फक्त ओठ हलवले. नऊच्या नऊ कुजबुजत होती. ‘नको बाबा’लाही. बोट नाचवून, डोळे मोठे करून, सगळे हावभाव बरोबर, आवाज तेवढा नाही. आणि जुनी अकरा, जी मागच्या वर्षी पत्रा उडवायची, तीही आता त्यांच्यासारखीच. मोठ्यांनी लहानांचं उचललं.
मला कसं ऐकू आलं नाही हे? मी वाजवत होते. माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जात होता, आणि त्याखाली वीस पोरं नुसती फुंकर घालत होती.
आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

१९ नोव्हेंबर
जोरात म्हणा, हे कुजबुजत कसं सांगायचं? हात वर उचलून दाखवले. पोरांनी हात वर उचलले. जोरात वाजवून दाखवलं. पोरांनी जोरात फुंकलं, पियूचा शेंबूड उडाला. सगळी खिदळली. खिदळतात मात्र मोठ्याने, रडतात मोठ्याने, भांडतात तर विचारू नका. फक्त गाणं असंच राहतं.
शेवंताबाईंना पुढे उभं केलं. त्यांनी कंबरेवर हात ठेवून सगळ्या गावाला ऐकू जाईल असा बगळा सुरू केला. सूर कुठच्या कुठे. पण मोठा तर होता! दुसऱ्याच ओळीला रिद्धी उठली, त्यांच्यासमोर गेली, ओठांवर बोट ठेवलं. “श्श!” मग सगळीच, “श्श! श्श!”
शेवंताबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, “मॅडम, हे पोट्टे तं मलेच शिकवून राहिले.” हसू आलं आणि रडू आलं. दोन्हीला आवाज लागत नाही, एवढं बरं.

२४ नोव्हेंबर
आता उलटा अभ्यास. हळू वाजवायचा. पोरांचा आवाज वर राहिला पाहिजे, तरच त्यांचा त्यांना ऐकू येईल आणि वाढवतील, असं तन्वीचं म्हणणं. अंगठ्याच्या मांसाने वाजव, नख नको. चार महिने ज्यासाठी मेले ते आता झाकायचं. अंगठ्याने वाजवलं की सूर फाटतो, नाहीतर ऐकूच येईनासा होतो. मधलं काही येत नाही. पुन्हा पोटाशी धरून बघितलं. मऊ झाला आवाज, पण मेलेला.
हे म्हणाले, “मोठं करू का लहान करू, एक काय ते ठरव.” मला ठरवता आलं असतं तर.

२ डिसेंबर
प.मॅ. आल्या. न सांगता, नियमाप्रमाणे.
पोरं गोल बसली, एका झटक्यात. त्या बघतच राहिल्या, खूष झाल्या. मी अंगठ्याने सुरू केलं. बगळा. पोरांचे हात, डोळे, माना, सगळं बरोबर. प.मॅ. नी पंखा बंद करायला सांगितला. मग खुर्ची पुढे ओढली. मग मला हाताने थांब म्हणाल्या. मी थांबले. खोलीत वीस पोरांची फुसफुस.
“आवाज?” त्या म्हणाल्या.
रिद्धीला जवळ घेतलं. “बेटा, तू छान करतेस. आता जोरात म्हण बरं.” रिद्धीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, म्हण. तिने छाती फुगवली, दोन्ही मुठी आवळल्या आणि होती नव्हती तेवढी ताकद लावून कुजबुजली: “नको बाबा!”
प.मॅ. नी चष्मा काढून पुसला. वहीत तारीख लिहिली, पट लिहिला, ‘पूर्वशालेय शिक्षण’ या रकान्यापाशी पेन थांबलं. “तुमची तपासणी कधी आहे?” मी बोटांनी आठ दाखवले. “मग त्यानंतर बघू.” रकाना तसाच ठेवला.

८ डिसेंबर
नागपूर. नाकातून नळी घातली. पडद्यावर माझाच गळा. आवाजाची उजवी पट्टी हलते, डावी... डॉक्टर म्हणाले, “हलल्यासारखी वाटते. नक्की नाही सांगता येत.” अजून तीन महिने थांबू. हे आत आले नाहीत, बाहेर बाकावर बसून होते. बाहेर येऊन मी हात हलवला, धड हो नाही, धड नाही नाही. येताना भंडाऱ्यापर्यंत त्यांनी खिडकीकडचं तोंड वळवलं नाही.

११ डिसेंबर
दुपारी घरी आल्यावर न्हाणीत दार लावून एक ओळ म्हणून बघितली. काहीतरी लागलं. दार करकरावं तसं. आवाज होता की कफ, माहीत नाही. पुन्हा नाही आला.

१२ डिसेंबर
चार वाजता प.मॅ. चा फोन. नेहमी मेसेज करतात, आज विसरल्या असतील. उचलला.
“मॅडम, मला सोमवारी अहवाल द्यायचा आहे. तो रकाना मी रिकामाच ठेवलाय. मनात नाही हो माझ्या. तुम्हीच सांगा, मी काय लिहू?”
मी सांगितलं. मला इथंच राहायचं आहे.
“हॅलो?”
मला इथंच राहायचं आहे, मॅडम.
“हॅलो? रेंज नाही वाटते तुमच्याकडे. हॅलो?”
तिसऱ्यांदा सांगितलं, फोन ओठाला लावून, काच ओली होईपर्यंत.
“नाहीच येत आहे. उद्या अकराला करते, अंगणवाडीतून बोला, तिथे रेंज असते.” कापला.
मेसेज लिहिला. पुसला. लिहिलेल्या अक्षरांत माझं म्हणणं अर्जासारखं दिसतं. शेवंताबाईंना बोलायला लावलं तर त्या रडतील, मग प.मॅ. ना वाटेल मीच शिकवलं.
अकराला पोरं गोलात असतात. फोन मधोमध ठेवावा आणि बगळा सुरू करावा, असं मघापासून मनात येतंय. वीस जणांची कुजबुज एकत्र झाली तर फोनमधून जाते का? जाईल कदाचित. पण मी जोरात वाजवलं तर ती त्याखाली बुडणार, आणि वाजवलं नाही तर पोरं सुरूच करणार नाहीत.
म्हणजे हळूच वाजवायला हवं. ते अजून येत नाही. मघापासून तेच करतेय, अंगठ्याने, सी, एफ, सी. यांनी दोनदा आत डोकावून विचारलं, “वाजवून राहिली का तू?”